प्लॉट बघायला जाण्याआधी माहेरचा सातबारा बघा



पूर्वी भिशीचा नंबर लागला की पाटल्या व्हायच्या. आता भिशीत बसल्या बसल्या गुंठ्याचे भाव निघतात. अमक्या वहिनींनी बायपासला प्लॉट घेतला, तमक्या आक्कांनी पुण्यात फ्लॉट बुक केला. मला याचा आनंदच आहे, कारण जमिनीचं बोलणं आपल्याकडे इतकी वर्षं फक्त सोप्यावर, पुरुषांच्यात चालायचं. पण "सुरुवात कशी करू?" असं विचारणाऱ्या बहुतेकींच्या मनात "पैसे कुठून आणू?" एवढाच प्रश्न असतो. माझं मत वेगळं आहे. सुरुवात कागदापासून करावी, आणि तोही आपलं नाव आधीच असलेल्या किंवा असायला हवं अशा कागदापासून.

आपल्यातल्या किती जणींनी माहेरचा सातबारा एकदा तरी वाचलाय? हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 चा, आणि तो आपल्याला, म्हणजे जैनांनाही लागू आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क 2005 च्या दुरुस्तीने मिळाला. त्यासाठी 2005 साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. तरी आपल्याकडे काय होतं? दिवाळीला बोलावणं येतं, चांगली साडी मिळते, आणि दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रार कचेरीत हक्कसोडपत्रावर सही होते. भावाला द्यायचं असेल तर जरूर द्या. भाऊ आहे, आई-वडिलांचं त्यानेच केलेलं असतं. पण किती गुंठे, कुठल्या गटातले, त्यावर काय आहे, हे वाचून द्या. न बघता सोडलेल्याला मी त्याग म्हणणार नाही. आणि घरात तोंडी "मला नको" म्हटल्याने हक्क सुटत नाही, त्याला नोंदणीकृत दस्त लागतो, एवढं तरी माहीत असू द्या.

हा सातबारा घरबसल्या मोबाईलवर दिसतो. महाभूलेखवर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर घातला की झालं. सही-शिक्क्याच्या कामाला चालणारा डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत निघतो. त्यात तीन गोष्टी बघायला शिका. भोगवटादार वर्ग 1 आहे की 2? वर्ग 2 असेल तर सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिलंय? आपल्या सांगली-कोल्हापूर भागात तिथे सेवा सोसायटीचा नाही तर बँकेचा बोजा हमखास सापडतो, कधी कुळाचं नावही. आणि नावाशेजारचा फेरफार नंबर. तो फेरफार काढून वाचला की हे नाव वारसाने लागलं की खरेदीने, ते कळतं. घरच्या चार उताऱ्यांवर हात बसला की परक्याचा उतारा वाचताना कोणी फसवू शकत नाही, निदान सहज नाही.

मग बाहेरच्या प्लॉटकडे या. आपल्याकडच्या नवख्या खरेदीत सगळ्यात घातक शब्द मला वाटतो तो "होणार आहे". एनए होणार आहे, रस्ता होणार आहे, तुमच्या नावावर स्वतंत्र उतारा होणार आहे. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला आपल्या राज्यात परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि तिचे छोटे तुकडे विकण्यावर तुकडेबंदी कायद्याची बंधनं आहेत. म्हणून एनएचा आदेश आणि मंजूर रेखांकन हातात घेतल्याशिवाय विसार द्यायचा नाही. ओळखीचे आहेत, आपल्याच समाजातले आहेत, तरीही नाही. उलट आपल्यातले असले की कागद मागायची भीड वाटते, म्हणून तिथे जास्त मागा.

फ्लॅट बांधकाम चालू असलेल्या इमारतीत असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा आणि तो स्वतः साइटवर टाकून बघा. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. हे ठाऊक असलेली बाई समोर बसली की बोलण्याचा सूर बदलतो.

भाड्याचं गणितही एकदा कागदावर मांडा. समजा फ्लॅट 40 लाखांचा, भाडं महिना 11 हजार. वर्षात एक महिना रिकामा धरला तर हातात 1 लाख 21 हजार. घरफाळा, मेंटेनन्स, रंग-नळ यांचे 25 हजार वजा केले की 96 हजार, म्हणजे अडीच टक्केही नाही. कर्ज काढून घेतला तर व्याज याच्या कितीतरी पुढे जातं. भाव वाढेल या आशेवरच सगळं उभं असतं, आणि त्या आशेसाठी अंगावरचं सोनं मोडू नये, असं माझं स्पष्ट मत.

"घर बाईच्या नावावर घेऊ, स्टॅम्प वाचतो" असं हल्ली घरोघरी म्हणतात. महाराष्ट्रात 2021 पासून मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे हे खरं, 40 लाखांवर 40 हजार. पण ती राहत्या घरासाठी आणि सगळे खरेदीदार स्त्रियाच असतील तर. नवऱ्याचं नाव जोडलं की गेली. आणि कर्जाच्या कागदावर आपली सही असली की हप्तेही आपलेच, म्हणून "इथे कर सही" म्हटल्यावर आधी वाचायला मागा. चहा होईपर्यंत वाचून होतं.

थोड्या पैशांत सुरुवात करायची तर रीट आहेत. शेअरसारखं एक युनिटही घेता येतं, मोठ्या ऑफिस इमारतींच्या भाड्यातला वाटा मिळतो, आणि वाटण्याजोग्या रकमेतली किमान 90 टक्के रक्कम वाटणं त्यांना सेबीच्या नियमाने बंधनकारक आहे. शिकायला हे बरं. पण आपल्यासाठी एक अडचण आहे. स्वतःचा गाळा असला तर चिकनवाल्याला किंवा वाइन शॉपला द्यायचा नाही हे आपण ठरवू शकतो. रीटमध्ये भाडेकरू आपण निवडत नाही. काहींच्या मालमत्तेत हॉटेलं आहेत, मॉल आहेत, मॉलमध्ये फूड कोर्ट आहे. ज्यांना हे चालत नाही त्यांनी घेण्याआधी त्या रीटच्या मालमत्तांची यादी वाचावी. ती जाहीर असते.

आणि ज्यांनी परिग्रह-परिमाण घेतलंय त्यांना वेगळं सांगायला नको, त्या यादीत क्षेत्र आणि वास्तू सगळ्यात आधी येतात. मर्यादा किती लिहून ठेवली होती ती वही प्लॉट बघून आल्यावर नको, जाण्याआधी उघडा.