एकचाकीचं चाक वाढत्या अंगाचं घेऊ नका

हर्नडन, रेस्टन आणि आसपासच्या आई-बाबांसाठी ही पोस्ट. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

मूल एकचाकी सायकल शिकलं की थोड्याच दिवसांत त्याला ड्राइव्हवे पुरेनासा होतो. मग त्याला जंगलातल्या ट्रेलवर जायचं असतं. मुळं, दगड, चढ-उतार, चिखल, सगळं एका चाकावर. माउंटन युनिसायकलिंग म्हणतात त्याला, लाडाने 'म्युनी'. त्यासाठी जाड टायरची मजबूत एकचाकी लागते, काहीशे डॉलर्स जातात आणि घरात प्रश्न येतो: चाक कितीचं घ्यायचं?

आपलं उत्तर ठरलेलं असतं. गणवेश, स्वेटर, पावसाळी बूट, सगळं वाढत्या अंगाचं. "पुढची दोन वर्षं तरी चाललं पाहिजे!" आपण सगळे असेच वाढलो आणि त्यात चूक काहीच नव्हतं. पण बाही दुमडता येते, बुटात कापूस कोंबता येतो. चाक दुमडता येत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: चाक आजच्या पायांना आणि आज जिथे चालवणार त्या वाटेला साजेसं घ्या.

कारण साधं आहे. नेहमीच्या सायकलला गिअर असतात, पाय थांबवले तरी ती पुढे जाते. एकचाकीत पॅडल थेट चाकाला जोडलेलं असतं. पॅडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. चाकाचा आकार हाच तिचा गिअर! मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर २० इंची चाक ताशी साधारण साडेतीन मैल जातं, जाड टायरचं २४ इंची साडेचारच्या थोडं वर, आणि २९ इंची पाचच्या थोडं वर. फरक किरकोळ वाटतो. पण मोठं चाक जड असतं, सुरू करायला जोर लागतो, आणि उतारावर ते थांबवायलाही पायच लागतात. मुळाशी अडखळल्यावर तोल सावरायला अर्धा सेकंद मिळतो. तेवढ्यात चाक ऐकलं पाहिजे.

"पण माउंटन बाइकवाले सगळे २९ च वापरतात ना?" हो, पण त्यांच्याकडे गिअर आहेत, दोन चाकं आहेत आणि धरायला हँडल आहे. ती तुलना इथे लागू पडत नाही.

आता आकारांबद्दल थोडक्यात:

👉 २० इंच: शिकायला आणि उड्या मारायला उत्तम. ट्रेलवर मात्र प्रत्येक मुळाशी अडतं. लहान मुलांना सपाट मातीच्या वाटेवर चालेल.

👉 २४ इंच, तीन इंच रुंद टायरसकट: टायर धरून बाहेरचा व्यास जवळजवळ २६ इंच भरतो. हळू, पण आज्ञाधारक. मिडल स्कूलच्या बहुतेक मुलांसाठी आणि कमी उंचीच्या मोठ्यांसाठीही पहिलं 'म्युनी' म्हणून मी हेच सुचवेन.

👉 २६ आणि २७.५ इंच: उंच टीनएजर आणि मोठ्यांसाठी मधला मार्ग. थोडा वेग, थोडा ताबा.

👉 २९ इंच: मुळांवरून सहज जातं, लांब पल्ल्याला छान. आधीपासून ट्रेलवर सराव असलेल्या, लांब पायांच्या मुलांसाठी.

👉 ३६ इंच: रस्त्यासाठी. जंगलात नेऊ नका.

आता आपल्या भागाकडे या. हर्नडनमधून जाणारा डब्ल्यू अँड ओडी ट्रेल ४५ मैलांचा आहे आणि डांबरी आहे. व्हिएन्नापासून पर्सेलव्हिलपर्यंत त्याच्या बाजूने घोड्यांसाठी खडीची वाटही जाते. पहिले काही आठवडे तीच तुमची शाळा: खडी आहे, पण मुळं नाहीत. त्यानंतर रेस्टनचं लेक फेअरफॅक्स पार्क. तिथल्या जंगलातल्या अरुंद वाटांवर मुळंही आहेत आणि छोटे चढही. फाउंटनहेडचे ट्रेल लांबही आहेत आणि अवघडही, तिथे सराव झाल्यावरच जा. म्हणजे मूल पुढचं वर्षभर मुख्यतः लेक फेअरफॅक्सला जाणार असेल, तर त्याला वेगापेक्षा ताबा जास्त लागणार. २४ चं पारडं इथेच जड होतं. उलट, तुमचा पंधरा वर्षांचा उंच मुलगा खडीच्या वाटेने दहा-दहा मैल जाणार असेल, तर खुशाल २९ घ्या. तेच त्याचं आजचं माप आहे.

"मग दरवर्षी नवीन घ्यायची का?" नाही! मूल वाढतं तशी सीटची दांडी वर घेता येते, लांबही बसवता येते. आणि गिअर बदलायचा तर चाकाऐवजी क्रँक बदला, म्हणजे पॅडल ज्याला लागतं तो दांडा. लांब क्रँकने जोर जास्त मिळतो, आखूडने पाय भराभर फिरतात. १५० मिलीमीटर क्रँकच्या २४ इंची चाकाला जितका जोर लागतो, तितक्याच जोरात २९ इंची चाक फिरवायला सुमारे १६५ चा क्रँक लागतो. काही क्रँकना पॅडलसाठी दोन भोकं असतात, १२७ आणि १५० वर. शिकताना १५०, हात बसला की १२७. एकाच चाकावर पुढचा टप्पा मिळतो, खर्च जवळजवळ शून्य.

दुकानात इतकं बघाच: सीट सगळ्यात खाली असताना पॅडल तळाला आणा आणि मुलाला त्यावर टाच ठेवायला सांगा. गुडघा जवळजवळ सरळ झाला आणि टाच आरामात टेकली तर माप बरोबर. टाच टेकवायला मूल एका बाजूला कलंडत असेल, तर चाक मोठं आहे. दुकानदार काहीही म्हणो, घेऊ नका. हेल्मेट, मनगटाचे गार्ड आणि नडगीचे गार्ड मात्र सोबतच घ्या. पॅडलचे दात नडगीला लागले की मूल आठवडाभर लंगडतं.

आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर म्हणतील, "अरे, सर्कशीत घालणार का पोराला?" त्यांना हसून सांगा, विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये ग्रेट इंडियन सर्कस काढली. भारतीय सर्कस आपल्याच माणसाने सुरू केली!

आपण मुलांना अनेक गोष्टींत एक इयत्ता पुढे बसवतो. गणितात ते निभतंही. पण डोंगरातल्या वाटेवर मोठ्या चाकावरचं मूल सारखं पडतं, कंटाळतं, आणि एकचाकी गराजमध्ये कीबोर्डशेजारी जाऊन बसते. मापाच्या चाकावरचं मूल पुढच्या शनिवारी स्वतःहून म्हणतं, "आई, पार्कला जाऊया?" आपल्याला तेच हवंय ना?

आणि लहान पडलेल्या चाकाचं काय? थोरल्याचं धाकट्याला, आपल्याकडे हे कायमच चालत आलंय. तुमच्या गराजमध्ये २० किंवा २४ इंची एकचाकी पडून असेल तर खाली कमेंटमध्ये आकार आणि गाव लिहा. कुणाचं तरी मूल वाट बघतंय. 🙏