दीड दिवसाचा कार्यभार

परवा भाचा घरी आला तो तक्रार घेऊनच. "मामा, तुम्हीच समजवा हिला. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली, आता म्हणते स्कॅनच्या यंत्रांवर संशोधन करणार. ना धड डॉक्टर, ना धड प्राध्यापक!"

मुलगी गप्प होती. मला तीस वर्षांपूर्वीचा भाचा आठवला. त्यालाही फिजिक्सचंच वेड होतं. "आधी बँकेची परीक्षा दे," हा सल्ला माझाच.

मी दोघांना ॲलन कॉरमॅकची हकिगत सांगितली. ते केपटाऊन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत. १९५६ मध्ये तिथल्या ग्रूट स्खूर रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञाने नोकरी सोडली. किरणोत्सारी पदार्थांच्या वापरावर तज्ज्ञाची देखरेख कायद्याने सक्तीची. म्हणून आठवड्यातून दीड दिवस हे काम कॉरमॅककडे आलं. बँकेच्या भाषेत अतिरिक्त कार्यभार! आम्ही तो सह्या करून उरकतो. कॉरमॅकना मात्र तिथे प्रश्न पडला. क्ष-किरण शरीरातून आरपार जाताना एकूण किती शोषला गेला, एवढंच कळतं. मग आत कुठे काय आहे, हे कसं ओळखायचं?

नोकरीची पहिली वर्षं मी लेजरच्या आडव्या-उभ्या बेरजा जुळवण्यात घालवली. इथे उलटा मामला होता. रकमा पुसलेल्या, हाती फक्त बेरजा. पण आडव्या, उभ्या, तिरक्या अशा सर्व बाजूंच्या बेरजा मिळाल्या, तर आतली एकेक रक्कम शोधता येते. हे गणित कॉरमॅकनी १९६३ आणि १९६४ मध्ये प्रसिद्ध केलं. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. पुढे इंग्लंडमध्ये गॉडफ्री हाउन्सफील्ड या अभियंत्याने स्वतंत्रपणे यंत्र बनवलं आणि १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. १९७९ चं वैद्यकाचं नोबेल दोघांना विभागून मिळालं. दोघांपैकी कुणी डॉक्टर नव्हतं, पीएच.डी.सुद्धा नव्हतं!

"सगळेच कॉरमॅक होत नाहीत, मामा."

खरं आहे. पण पोटापाण्याची सोयही आहे. रेडिएशनचे उपचार देणाऱ्या रुग्णालयाला आपल्याकडेही मेडिकल फिजिसिस्ट नेमावाच लागतो. त्यासाठी एम.एस्सी.नंतरचा अभ्यासक्रम मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आहे. तिथून संशोधनाकडेही वळता येतं.

मुलांच्या आयुष्याची आपण आईबापं फक्त बेरीज बघतो. पगार, फ्लॅट, पेन्शन. आतल्या रकमा बघायच्या राहूनच जातात. "तुझ्या वेळी मीही बेरीजच पाहिली रे," मी म्हणालो.

भाचा बराच वेळ गप्प बसला. मग लेकीकडे वळून म्हणाला, "अर्ज कधी निघतात गं?"