सोबती पाहिजेत



गेल्या पावसाळ्याआधी बैठकीत आपण ठराव केला होता. जो पिऊन येईल त्याला दंड, आणि दुसऱ्यांदा आला तर बसू द्यायचं नाही. हात वर करण्यात आम्हीच पुढं होतो. तो ठराव चुकला, हे आता आम्हालाच लिहावं लागतंय.

दंड बसलेले लोक बैठकीला यायचे थांबले, प्यायचे थांबले नाहीत. पवन मावळातल्या एका वाडीतला भाऊ असाच चार महिने आपल्यापासून तुटला. त्या चार महिन्यांत दलाल मात्र रोज त्याच्या मांडीला मांडी लावून बसत होता. बाटली दलालाची, कोंबडी दलालाची, शेवटी कागदही दलालाचाच. सकाळी उठल्यावर भावानं अंगठ्याची शाई बघितली आणि बायकोला विचारलं, "ही कशाची गं?"

कायदा आपल्या बाजूनं आहे. १९७४ च्या दुरुस्तीपासून जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही. म्हणून तर साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र निघालं. सातबारावर नाव आपलं राहतं आणि तारेचं कुंपण दुसऱ्याचं पडतं. १८७२ च्या करार कायद्यात असंही आहे की दारूच्या धुंदीत ज्याला काय करतोय ते समजत नाही, त्याचा करार हा करारच नाही. पण त्या रात्री त्याला समजत नव्हतं हे कोर्टात सांगणार कोण? बाटली आणणारा? आपण तर त्याला हाकलून दिलेलं.

लोणावळ्याच्या बाजूला तर आणखी अवघड. आपली पोरं बंगल्यावर माळीकाम करतात, राखण करतात. शनिवार-रविवारचे पाहुणे गेले की उरलेल्या बाटल्या पोरांच्याच. पगारात वाढ मागितली तर मिळत नाही, बाटली न मागता मिळते.

आता चांगली गोष्ट. आपल्यातला एक दादा पुण्याला मुक्तांगणमध्ये राहून आला. डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली हे केंद्र काढलं. तिथं काम करणारे बरेच जण एके काळी स्वतःच पिणारे. दादा म्हणाला, "डॉक्टरनं सांगितलं ते ऐकलं, पण त्या माणसांनी सांगितलं ते पटलं." परत आल्यावर त्यानं वाडीत भाषण केलं नाही. संध्याकाळी दिवेलागणीला एका पिणाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसायला लागला. रोज. आम्ही विचारलं, "त्याला सुधारतोस काय?" तर म्हणाला, "नाय रं, ती वेळ माझीच वाईट असते."

ही नवी गोष्ट नाही. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात एका परगावच्या माणसाला अशीच ओढ लागली. दारूच्या बारकडं जायच्या ऐवजी त्यानं फोन करकरून गावातला दुसरा पिणारा शोधला. तो निघाला डॉक्टर. दोघं बोलत बसले, आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची चळवळ जगभर गेली. आपल्याकडं हॉल नाही, फोन नाही. ओटा आहे.

तर अशा माणसाला आम्ही सोबती म्हणतो. तो काय करतो? पगाराच्या दिवशी बरोबर जातो, आणि पैसे घरी पोचेपर्यंत साथ सोडत नाही. हळदीच्या रात्री शेजारी बसतो. एकवीरेच्या यात्रेला निघायचं तर दोघं मिळून जातात. देवाला धार द्यायची ती द्यावी, आमचं त्याला काही म्हणणं नाही. उरलेल्या बाटलीचं काय करायचं ते मात्र आधी ठरवून जायचं. कुणी घसरला तर त्या रात्री वाद घालायचा नाही, सकाळी जायचं. त्यानं सांगितलेलं वाडीत फिरवायचं नाही, बैठकीतसुद्धा नाही. सोबती कधी एकटा जात नाही, दोघं जातात. हे आम्ही ठेच लागून शिकलो. गेल्या लग्नसराईत आमचा एक सोबती एकटाच समजवायला गेला आणि पिऊन परत आला. आता तो पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजतोय, आणि काम सोडलेलं नाही.

दोन गोष्टी मात्र सोबत्यानं स्वतःच्या डोक्यानं करायच्या नाहीत. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला "आजपासून बंद" म्हणून घरात कोंडायचं नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत हातपाय कापतात, फिट येते, नसलेली माणसं दिसायला लागतात. त्याला भूत लागलं म्हणून भगताकडं नेऊ नका, सरकारी दवाखान्यात न्या. वेळ घालवला तर जीव जातो. दुसरं, दारू सोडवायची गोळी न सांगता भाजीत घालायची नाही. ती पोटात असताना माणूस प्याला तर जिवावर बेततं. कुणी गुपचूप पुडी विकत असेल तर घेऊ नका.

एका गोष्टीवर आमच्यातच वाद आहे. पवन मावळातल्या त्या भावाची उरलेली जमीन वाचावी म्हणून आम्ही त्याचे कागद संघटनेच्या पेटीत ठेवले. सहा आठवडे न पिता झाल्यावर तो आला नि म्हणाला, "तो बाटली देऊन कागद घेतो, तुम्ही दारू सोडवून घेता. माझ्या हातात कधी येणार?" काही कार्यकर्ते म्हणाले, वर्षभर देऊ नका. आम्ही दिले. कागद आता त्याच्या घरी त्याच्या बायकोकडं आहेत, आणि कुठल्याही कागदावर अंगठा लावायच्या आधी तो उजेडात दोघांना वाचायला लावणार, असं त्यानंच ठरवलंय. त्या साठेखताविरुद्ध अर्ज द्यायचाय. तारखेला सोबती त्याच्याबरोबर वडगावला जाईल. परत येताना स्टेशनच्या वाटेवर गुत्ता आहे, म्हणून दोघं जातील.

दंडाचा ठराव पुढच्या बैठकीत मागं घ्यायला आम्ही मांडणार आहोत. बायांचा राग आम्हाला माहीत आहे, मार त्यांनी खाल्लाय. त्यांनी आधी बोलावं.

पवन मावळात पाच सोबती आहेत, नाणे मावळात दोन. लोणावळ्याच्या बाजूच्या वाड्यांना अजून एकही नाही. ज्याची सुटली असेल, मग महिनाच झालेला का असेना, त्यानं आपल्या वाडीच्या कार्यकर्त्याला सांगावं. नाव छापणार नाही.