थर्माकोलची सूर्यमाला आणि आपली घरं

प्रकल्प जमा करायच्या आदल्या रात्री आमच्या मोहल्ल्यातल्या स्टेशनरीच्या दुकानात गर्दी असते. मागे एकदा मी तिथे खडूची पेटी घ्यायला थांबलो होतो. शेजारी एक अम्मी आपल्या मुलीला घेऊन उभी होती. तिने विचारलं, "भाईजान, सूर्यमाला है क्या?" दुकानदार म्हणाला, "आखरी दो बची है." दीडशे रुपये गेले आणि थर्माकोलवर टाचलेले आठ रंगीत ग्रह पिशवीत आले. मुलीने त्याला हातही लावला नाही, कारण तुटलं असतं. दुसऱ्या दिवशी माझ्याच वर्गात तशाच अकरा सूर्यमाला जमा झाल्या. सगळ्यांत शनीची कडी एकाच बाजूला झुकलेली होती.

मी त्या अकराही सूर्यमालांना गुण दिले. म्हणून आजचं भांडण आधी स्वतःशी आहे, मग माझ्या पेशाशी आणि त्यानंतर आई-बापांशी.

महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक मूल्यमापनात प्रकल्प, उपक्रम, प्रात्यक्षिक यांना स्थान मिळालं. हेतू चांगला होता. मुलाने पाठ करून ओकू नये, हाताने काहीतरी करून शिकावं. पण आम्ही शिक्षकांनी त्याचं काय केलं? हाताने करायचं काम आम्ही मुलाच्या घरी पाठवून दिलं, घराने ते दुकानाकडे पाठवलं, आणि दुकानातून आलेला माल आम्ही शाळेच्या कपाटावर मांडून ठेवला. तपासणीला कोणी आलं की तोच दाखवला. या साखळीत मूल फक्त हमालाच्या कामाला होतं.

आता घरांकडे वळतो. "मुलांसोबत घरी काहीतरी क्रिएटिव्ह करा" असं सगळीकडून ऐकू येतं, आणि आपल्याला ते पटतंही. मग आपण खोक्यात बंद केलेला क्राफ्टचा संच मागवतो. आत कापून ठेवलेले कागद असतात, कुठे काय चिकटवायचं त्याचे आकडे असतात. मूल आकड्यावर आकडा चिकटवतं आणि वीस मिनिटांत वस्तू तयार होते. बाप फोटो काढून स्टेटसला टाकतो. याला मी सर्जनशीलता म्हणायला तयार नाही. ज्यात चुकायची सोयच नाही, त्यात मुलाने ठरवायचं काय उरलं? आणि त्या वीस मिनिटांत बापाने काय केलं, तर मोबाइल धरला.

हे बोललं की लगेच उत्तर येतं, "सर, ये सब पैसेवालों के चोंचले हैं." मी मालेगावात शिकवतो. हे उत्तर देणारा माणूस बारा तासांची पाळी करून आलेला असतो, एका खोलीत सहा जण राहतात, त्याच खोलीत स्वयंपाक होतो, अम्मी घरबसल्या कसलं तरी काम करत असते. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. बारा तासांची पाळी हा अन्याय आहे आणि त्याबद्दल वेगळं लिहायला हवं. रोज अर्धा तास मुलासोबत बसा असा उपदेश मी त्या माणसाला करणार नाही. पण लूम जुम्म्याला बंद असतात. जुम्म्याची नमाज झाल्यावर चौकात, हॉटेलात, पानाच्या टपरीवर जे तास जातात त्यांतला एक तास मी मागतो आहे. आणि हा तास मी अब्बूंकडून मागतो आहे. अम्मी तर आधीच सगळं करते आहे. "घरी मुलांसोबत उपक्रम करा" या वाक्यातलं घर म्हणजे फक्त बाई, हे आपण न बोलता ठरवून टाकलं आहे.

आणि पैशाशिवाय कल्पना चालत नाही हे निदान मालेगावने तरी म्हणू नये. याच गावात 2000 साली "मालेगाव के शोले" तयार झाला, पुढे "मालेगाव का सुपरमॅन" आला. सायकलीलाच कॅमेऱ्याची ट्रॉली करून इथल्या पोरांनी चित्रीकरण केलं. सुपरमॅन झालेला माणूस लूमवर काम करणारा होता. त्या चित्रपटांचं कौतुक आपण परगावच्या पाहुण्यांना सांगतो आणि आपल्याच पोराने खोका कापायला घेतला की "कचरा मत कर" म्हणून ओरडतो.

दुसरी हरकत दबक्या आवाजात येते. ती अशी की खेळ म्हणजे फुजूल, वेळ वाया. मूल एक तर किताब घेऊन बसलेलं बरं, नाहीतर ट्यूशनला. बापाने मुलासोबत जमिनीवर बसून कागद कापणं तर त्याहून हलकं, त्याने रुबाब जातो. या भावांना मी सीरतची आठवण देईन. अबू उमैर नावाच्या लहान मुलाची पाळलेली चिमणी मेली तेव्हा हुजूर (स.) त्याच्याशी त्या पाखराबद्दल बोलले. नातीला खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज अदा केली, सजद्यात जाताना तिला खाली ठेवत आणि उठताना पुन्हा उचलून घेत. हे आपण मिलादच्या जलशात डोळे पुसत ऐकतो. मग घरी येऊन पोराला "चल हट, अब्बा थकले हैं" म्हणतो. सुन्नतच्या गोष्टी करणाऱ्यांनी ही सुन्नतही जरा मोजावी.

मग करायचं काय? दुकानात न जाता करता येतील अशा तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट लूमच्या गावाची आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचे वडील कापड विणतात, पण कापड विणलं कसं जातं हे विचारलं तर मुलांना नीट सांगता येत नाही. अब्बू जातात, आवाजात उभे राहतात, येतात, एवढंच त्यांना माहीत असतं. जाड पुठ्ठ्याचा वीतभर तुकडा घ्या. वरच्या आणि खालच्या कडेला अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर खाचा पाडा. खाचांतून सूत वर-खाली ओढून घट्ट बसवा. हा झाला ताना. आता सुईत किंवा काडीला दुसऱ्या रंगाचं सूत बांधा आणि एका धाग्याच्या वरून, पुढच्याच्या खालून, पुन्हा वरून असं न्या. हा बाना. परत येताना उलटं करा. जिथे वरून गेला होता तिथे खालून. विसरलात तर धागा सुटून येतो आणि मुलाला चूक स्वतःलाच दिसते, सरांच्या लाल शाईची गरज पडत नाही. साधी वीण जमली की दोन वर, एक खाली असं करून बघा, प्रत्येक ओळीला एक धागा पुढे सरका. तिरकी रेघ उठते. मूल सम-विषम शिकतं, नमुना म्हणजे काय ते शिकतं. पण सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. या खेळात बाप हुशार ठरतो. शाळेच्या पुस्तकापुढे जो माणूस "मेरे को नहीं आता" म्हणून उठून जातो, त्याच्या बोटांना इथे सगळं येतं. आपल्या बापाला काही येतं हे मुलाला कळायला नको का?

मुलांना कारखान्यात न्या असं मी म्हणत नाही, हे स्पष्ट करून ठेवतो. पोरांनी लूमवर जाऊ नये म्हणूनच शाळा आहे. पण हाताचं काम आणि मजुरी यांत फरक आहे. 1937 साली वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीमची समिती निघाली. तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसैन होते. हस्तकौशल्याच्या आधाराने शिक्षण द्यावं हा त्या योजनेचा गाभा होता. मुलांना कामगार बनवणार का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. जे काम मूल विचार करून, आखून, स्वतःच्या चुका बघत करतं तेच शिकवतं. यंत्रासारखं केलेलं काम शिकवत नाही. झाकिर साहेबांचा आग्रह तोच होता. ते पुढे देशाचे राष्ट्रपती झाले आणि त्यांनी मुलांसाठी "अब्बू खां की बकरी"सारखी गोष्टही लिहिली. आपण त्यांच्या नावाने शाळा काढतो. त्या शाळांतही थर्माकोलच्या सूर्यमाला असाव्यात, हे काही बरं नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. जुन्या लग्नपत्रिका प्रत्येक घरात पडून असतात. त्यांतून सारख्या मापाचे दोन चौकोन कापा. दोन्ही कर्णांवर घडी घालून मध्य काढा, एकावर एक ठेवून मध्यात टाचणी खुपसा आणि वरचा चौकोन हळूहळू फिरवा. एका ठिकाणी आठही टोकं सारखी बाहेर येतात. किती फिरवला? काटकोनाच्या निम्मा, म्हणजे 45 अंश. हीच अष्टकोनी चांदणी मशिदीच्या जाळीत असते, जुन्या किताबांच्या नक्षीत असते. आता दोऱ्याच्या एका टोकाला पेन्सिल बांधून, दुसरं टोक बोटाने दाबून वर्तुळ काढा. तोच दोरा, त्याच लांबीचा, वर्तुळाच्या कडेवर मोजत चला. बरोबर सहा वेळा बसतो. ना पाच, ना सात. षटकोन तयार. मी बी.एड.ला भूमिती शिकवण्यावर बरंच ऐकलं, पण मूल स्वतः मोजून सहावर पोचतं तेव्हा त्याचा चेहरा जसा होतो, तसा माझ्या कोणत्याही पाठात झाला नाही. मग जुम्म्याला मशिदीत गेलं की ते पोर जाळीतले कोन मोजत बसतं. बसू द्या. त्याच्या डोक्यावर टपली मारू नका.

तिसरी गोष्ट माझ्या दोन भाषांची. उर्दू माध्यमाचं मूल मराठीला घाबरतं, आणि घरी आपण म्हणतो, "मराठी कठीण है." हे खोटं आहे, आणि ते घरातच बसून खोटं पाडता येतं. खोलीतल्या वस्तूंची नावं दोन्ही भाषांत मोठ्याने म्हणा. कुर्सी-खुर्ची. कागज-कागद. सियाही-शाई. कुफ्ल-कुलूप. कीसा-खिसा. इत्र-अत्तर. दहा मिनिटांत मुलाला कळतं की ही परकी भाषा नाही, चुलत घरातली आहे. मग फसवे शब्द शोधा. शाळेचं दप्तर पाठीवर असतं, उर्दूतला दफ्तर कचेरी असतो. मराठीत शिकस्त केली म्हणजे पराकाष्ठा केली, उर्दूत शिकस्त झाली म्हणजे हरलो. मराठीत राजीनामा दिला की नोकरी सुटते, उर्दूत राजीनामा झाला की भांडण मिटतं. "खाली" तर दोन्हीकडे आहे, पण मराठी सरांनी "खाली बस" म्हटलं की नवखं पोर रिकामी जागा शोधतं. सापडलेला प्रत्येक शब्द एका वहीत लिहा, समोर छोटं चित्र काढा. वर्षभरात घराचा स्वतःचा शब्दकोश तयार होतो. त्यात दादीलाही घ्या. तिच्या बोलीतले कितीतरी शब्द ना मराठीच्या पुस्तकात आहेत ना उर्दूच्या. तिच्याबरोबर ते जातील.

तारीख बघितली तर यात नवं काही नाही. ताराबाई मोडकांनी कोसबाडच्या बालवाडीत महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, पानं, बिया वापरल्या. पुण्यात अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबा आणि टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवून दाखवली. म्हणजे महाराष्ट्राला ही वाट माहीत आहे. आपणच ती सोडून स्टेशनरीच्या दुकानाकडे वळलो.

आता माझ्या शिक्षक भावंडांना आणि आपांना. घरी उपक्रम पाठवण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारा. हे मूल स्वतःच्या हाताने करू शकेल का? त्याला लागणारं सामान घरात सापडेल का? आणि ते वाकडंतिकडं झालं तर मी त्याला सरळ विकत आणलेल्यापेक्षा जास्त गुण देईन का? एकाचंही उत्तर नाही असेल तर तो उपक्रम पाठवू नका. मी स्वतः आता विकतचा प्रकल्प घेत नाही. मुलाला उभं करून एवढंच विचारतो, "कुठे चुकलं होतं? मग काय केलंस?" ज्याने स्वतः केलं त्याला याचं उत्तर देता येतं. ज्याने विकत आणलं तो जमिनीकडे बघतो, आणि खरं तर खाली बघायला मला हवं, कारण वर्षानुवर्षं हेच मी चालवून घेतलं.

आई-बापांनाही एक विनंती. पुढच्या पालकसभेत "पोरगा पढता नहीं" ही तक्रार एकदा बाजूला ठेवा आणि आम्हाला जाब विचारा, "सर, ये प्रोजेक्ट किसके लिए है?" कोणी तो जोरात विचारल्याशिवाय आम्ही सुधारणार नाही.

गेल्या वर्षी एका मुलाने मला पुठ्ठ्यावर विणलेली पट्टी आणून दिली. हिरवी आणि लाल, हाताच्या बोटाएवढी रुंद, मधेच अरुंद झालेली. "अब्बू बोले, यहाँ धागा ज्यादा खींचा," त्याने त्या अरुंद जागेवर बोट ठेवून सांगितलं. मग म्हणाला, "अब्बू को सब पता है सर." ती पट्टी माझ्या हजेरीपटात खूण म्हणून आहे. त्या अकरा सूर्यमाला कधीच कचऱ्यात गेल्या.

येत्या जुम्म्याला एक पुठ्ठा शोधा.