गेटबाहेरचा कांदा

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की काटेवाडीच्या अलीकडे आमची पिंपळी लागते. तुकोबांची पालखी आषाढात याच वाटेने पुढे सरकते. या भागातून आता पालखी महामार्ग आला आहे. संध्याकाळी शेतातून भरलेली गाडी पहाटेपर्यंत न्हावा शेवाच्या बंदराजवळ पोहोचते. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर. माझ्या लहानपणी हे कुणाला सांगितलं असतं तर हसले असते. रस्ता चांगला झाला, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

पण त्या रस्त्याच्या शेवटी एक गेट आहे. ते गेट कधी बंद होईल, हे गाडी निघताना कुणालाच ठाऊक नसतं. माझं भांडण त्याच्याशी आहे.

आम्ही बागवान. फळं आणि भाजीपाला हा आमचा पिढ्यान्पिढ्यांचा धंदा. मी शिकून नोकरीला लागलो, चाचा धंद्यातच राहिले. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी पिंपळी आणि आसपासच्या शेतकऱ्यांकडून १६ टन लाल कांदा ३४ रुपये किलोने घेतला. पैसे आठ दिवसांनी द्यायचे, असा तोंडी सौदा. त्यातले सर्वांत जास्त पोते शेजारच्या तात्यांचे होते. आमच्या आणि त्यांच्या घरात तीन पिढ्यांचा व्यवहार आहे, एकदाही कागद झालेला नाही. नवी मुंबईच्या एका निर्यातदाराने माल मागितला होता. उरणजवळ कंटेनर भरायचा आणि तिथून आखातात पाठवायचा, असं ठरलं होतं.

७ डिसेंबरला, गुरुवारी संध्याकाळी गाडी निघाली. शुक्रवारी फजरच्या वेळी ड्रायव्हरचा फोन आला. तो पनवेलच्या अलीकडे होता. निर्यातदाराने त्याला सांगितलं होतं, "माल आणू नका. बंदी आली."

विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना ७ डिसेंबरची होती आणि ८ डिसेंबरपासून अंमल. म्हणजे गाडी निघाली तेव्हा निर्यात कायदेशीर होती, पोहोचली तेव्हा बेकायदा. गाडी तशीच वाशीच्या बाजारात वळवावी लागली. बंदीच्या बातमीने बाजार आधीच कोसळला होता. १९ रुपयांनी माल गेला. किलोमागे १५ रुपये, १६ टनांवर २ लाख ४० हजार. भाडं आणि हमाली वेगळी.

कुणी म्हणेल, सरकारने मध्येच अडकलेल्या मालाला सवलत दिली होती की. दिली होती, आणि ती नीट वाचण्यासारखी आहे. अधिसूचनेआधी जहाजावर चढवायला सुरुवात झालेला कांदा जाऊ शकत होता. शिपिंग बिल भरलेलं आहे आणि जहाज बंदरात लागलेलं किंवा नांगरलेलं आहे, तर जाऊ शकत होता. माल कस्टमच्या ताब्यात देऊन त्यांच्या नोंदीत आला असेल, तरी जाऊ शकत होता. अशा मालाला ५ जानेवारी २०२४ पर्यंत मुदत होती. या यादीत जहाज आहे, बंदर आहे, कस्टमचा संगणक आहे. रस्ता मात्र कुठेच नाही. शेतातून निघालेला आणि गेटपर्यंत न पोहोचलेला कांदा सरकारच्या हिशेबी अस्तित्वातच नव्हता.

परराष्ट्र व्यापार धोरणात आणखी एक तरतूद आहे. धोरण बदलण्याआधी बँकेत पक्की एलसी, म्हणजे रद्द न होणारं पतपत्र उघडलं असेल, तर साधारणपणे तो माल जाऊ द्यावा. मात्र सरकारने वेगळं काही म्हटलेलं नसेल तरच. पण एलसी मोठ्यांची. आखातातल्या छोट्या व्यापाऱ्याशी आमचा सौदा फोनवर होतो आणि शब्दावर चालतो. करार पाळावा, ही आमच्या दीनची शिकवण आहे. तात्यांच्या वारकरी घरातही दिलेल्या शब्दाची तितकीच चाड आहे. या दोघांच्या शब्दाला बाजारात किंमत आहे, अधिसूचनेत नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. शहरातला गरीब माणूस कांदा खातो. माझी बहीण हडपसरला राहते. कांदा साठ रुपयांवर गेला की ती पाव किलो घेते आणि मला फोनवर ऐकवते. तिची अडचण खोटी म्हणणाऱ्यांतला मी नाही. सरकारचं काम आहे तिला स्वस्त कांदा देणं. त्यासाठी साधनंही होती. २०२३ मध्ये राखीव साठ्याचं उद्दिष्ट ३ लाख टनांवरून ५ लाख टनांवर नेलं होतं. ऑगस्टपासून २५ रुपये किलोने सरकारी कांदा विकायलाही सुरुवात झाली होती. तो साठा बाजारात ओतावा, गरिबाच्या कांद्यावर तिजोरीतून अनुदान द्यावं. त्याचं बिल सगळ्या देशात वाटलं जाईल. बंदी घातली की तेच बिल एकट्या तात्याच्या नावावर फाटतं. माझ्या बहिणीवर दया दाखवायची आणि पैसे तात्याच्या खिशातून काढायचे, याला कल्याणकारी राज्य कसं म्हणायचं?

शिवाय टंचाईचं कारणही पुरतं टिकत नाही. खुल्या व्यापाराला बंदी असतानाच नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स लिमिटेडमार्फत काही देशांना मोजका कांदा जातच होता. एप्रिल २०२४ मध्ये बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांसाठी ९९,१५० टनांना परवानगी असल्याचं सरकारनेच जाहीर केलं. त्याच्या आदल्या दोन दिवसांत गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्यालाही वाट मिळाली होती. म्हणजे गेट बंद नव्हतं, किल्ली फक्त एकाच हातात होती.

तारखा एका ओळीत लावून पाहा. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क. २९ ऑक्टोबरपासून टनाला किमान ८०० डॉलर भावाची अट. ८ डिसेंबरपासून बंदी, ३१ मार्चपर्यंत. मार्चमध्ये ती मुदत 'पुढील आदेशापर्यंत' लांबली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. १३ सप्टेंबरला अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं. वीस महिन्यांत सात वेळा नियम फिरले. लाल कांद्याचं पीक रोप टाकण्यापासून काढणीपर्यंत चार-पाच महिने घेतं. रोप लावताना एक कायदा आणि काढताना दुसरा, अशी शेती कुणी करून दाखवावी.

आणि ४ मे ही तारीख लक्षात ठेवा. ७ मेला आमच्या बारामतीत लोकसभेचं मतदान होतं. १३ सप्टेंबरनंतर दोन महिन्यांनी विधानसभेचं. ज्यांना योगायोग म्हणायचा असेल त्यांनी म्हणावा. बाजारातला हमालसुद्धा याला योगायोग म्हणत नाही.

हे काही एकदाच घडलेलं नाही. २९ सप्टेंबर २०१९ ला बंदी, १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. त्यांनी भर सभेत हसत हसत तक्रार केली, की मी स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितलंय. असं काही करणार असाल तर आधी कळवत जा. सभा हसली. शेजारच्या देशाच्या पंतप्रधानांना जी पूर्वसूचना मिळाली नाही ती पिंपळीच्या तात्याला कुठून मिळणार?

गिऱ्हाईक मात्र थांबत नाही. माझा मामेभाऊ शारजात आहे. त्या रमजानमध्ये इफ्तारीच्या भज्यांचा फोटो त्याने पाठवला आणि खाली लिहिलं, "कांदा पाकिस्तानचा." चाचांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. एकदा दुसऱ्याच्या मालाची सवय झालेला दुकानदार पुढच्या वर्षी फोन उचलेलच असं नाही. आपल्या राष्ट्रवादाचा रात्रंदिवस घोष करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडावा. पाकिस्तानच्या कांद्याला आखातात जागा कुणी करून दिली? आम्ही बागवानांनी नाही.

उसाचंही वेगळं काय आहे? आमच्याकडे अर्ध्याहून जास्त रान उसाचं. जवळच भवानीनगरचा छत्रपती कारखाना. १ जून २०२२ पासून साखरेची निर्यात सरकारच्या परवानगीवर आली. २०२२-२३ च्या हंगामात साधारण ६० लाख टन, पुढच्या हंगामात काहीच नाही, मग जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टन. ऊस मात्र कोटा विचारून वाढत नाही.

१६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठाच्या जकातीबद्दल लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीज मुलखातल्या बारदेशच्या स्वस्त मिठामुळे संगमेश्वरचं मीठ मार खाईल, म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, असा त्याचा आशय. जकात म्हणजे आपल्या माणसाच्या मालासाठी धरलेली ढाल. महाराजांच्या नावाने बंदरं आणि रस्त्यांची उद्घाटनं करणाऱ्यांनी ती ढाल उलटी धरून आपल्याच शेतकऱ्याच्या डोक्यात घातली आहे.

आमच्या लोकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. बंदीची बातमी येताच अर्ध्या तासात भाव पाडणारे व्यापारी आमच्यात आहेत, आणि ते सगळ्या जातिधर्मांचे आहेत. दिल्लीने दहा रुपये पाडले तर हे पंधरा पाडतात आणि वर दिल्लीकडे बोट दाखवतात. मापात मारणाऱ्यांवर कुरआनात एक अख्खी सूरत आहे. जुम्म्याला पहिल्या सफेत बसणाऱ्यांनी सोमवारी लिलावात उभं राहताना ती आठवावी. सरकारशी भांडायचं तर आपला काटा आधी सरळ हवा.

मागणी मोठी नाही. कांद्याच्या निर्यातीचा नियम बदलायचा तर किमान १५ दिवसांची सूचना द्या. साठेबाज त्याचा फायदा घेतील, असं सरकार म्हणेल. मग साठेबाजाला पकडा, त्यासाठी कायदा आहे. आणि दुसरं, अधिसूचनेच्या वेळी रस्त्यावर असलेला माल बंदरात पोहोचलेला माना. पुरावा कुठून आणायचा, हा प्रश्नच नाही. आमची गाडी पाटसच्या टोलवरून गेली, द्रुतगती मार्गावरच्या टोलवरूनही गेली. फास्टॅगमधून पैसे कापताना सरकारला मिनिट आणि सेकंद कळतो. टोल घेताना जी गाडी दिसते, ती सवलत देताना दिसेनाशी का होते? त्या नोंदीला निर्यातदाराचं मागणीपत्र जोडा, एवढं पुरे.

ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरजवळ वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार कोटींचा प्रकल्प. तिथल्या मच्छीमारांचे प्रश्न हा वेगळा लेख होईल. बंदर होईलही. पण तिथे पोहोचायला पिंपळीच्या कांद्याला भरवसा लागेल, तो काँक्रीटमध्ये मिसळून मिळत नाही. १९८० मध्ये शरद जोशींनी चाकणला कांद्यासाठी रस्ता अडवला होता. तेव्हा शेतकऱ्याने रस्ता अडवला म्हणून त्याला अराजक म्हणणारे होते. आज सरकार शेतकऱ्याची गाडी मध्यरात्री अडवतं, तेव्हा त्याला धोरण म्हणतात.

चाचांनी त्या आठवड्यात सगळ्यांना ठरलेल्या ३४ च्या भावाने पैसे दिले. तात्या स्वतः घरी आले आणि म्हणाले, "चाचा, पंचवीसनं द्या. तुम्ही काय दिल्लीत बसलाय होय?" चाचांनी ऐकलं नाही. त्यासाठी काढलेलं कर्ज फेडायला त्यांना दीड वर्ष लागलं. आता ते निर्यातीचा सौदा घेत नाहीत, लोणंदच्या बाजारात काय मिळेल त्यावर चालवतात. तात्यांनी कांद्याच्या रानात ऊस लावला आहे.

हे दोघे चोख व्यवहार करणारे होते. त्यांना बाजाराने बुडवलं नाही, पावसानेही नाही. पुढच्या वेळी कांदा महागेल आणि टीव्हीवर कुणी 'निर्यात बंद करा' म्हणेल, तेव्हा वाचकांनी एवढंच विचारावं, की आज रात्री रस्त्यावर असलेल्या गाड्यांचं काय करणार आहात?