तिवरं सोडून बोला

निसर्ग वादळाने ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा चेनसॉ घेऊन मी प्लॉट साफ करण्याच्या धंद्यात शिरलो. आता ग्रासकटरही आहे, चालवतो मीच. मुंबईकरांचे प्लॉट वाढले, तशी त्यांतली घाणेरी, रानमोडीही. जाहिरात म्हणाल तर साफ केलेल्या प्लॉटच्या गडग्यावर फोन नंबर आणि एक कार्ड, बस्स. दर मात्र जागा पाहूनच सांगावा, आणि सातबारा बघितल्याशिवाय मशीन सुरू करू नये. खाडीकाठी ‘तेवढी तिवरं पण काढा’ म्हणणारे भेटतातच. उच्च न्यायालयाने २०१८ सालीच तिवरांची कांदळवनं तोडायला बंदी केलीय, भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामही नको म्हटलंय. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. साग-खैरालाही परवानगीशिवाय हात लावत नाही. हे मी कार्डावरच छापलंय.