ड्रायपोर्ट आपल्या शिवारात, भराव वाढवणच्या समुद्रात

बदनापूर तालुक्यातल्या दरेगाव-जवसगाव शिवारात ड्रायपोर्टचं भूमिपूजन 2015 मध्ये झालं. कंटेनर इथंच भरायचा, कस्टमची तपासणी इथंच उरकायची आणि माल थेट बंदरावर पाठवायचा, अशी ही योजना. ज्या जेएनपीएचा हा ड्रायपोर्ट, तीच जेएनपीए राज्याच्या मेरीटाईम बोर्डासोबत पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण बंदर बांधतेय. खर्च 76,220 कोटी. भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं.

हे बंदर किनाऱ्यावर नाही, समुद्रात भराव टाकून उभं राहणार आहे. भराव 1,448 हेक्टरचा, म्हणजे साडेतीन हजार एकरांहून जास्त. वाढवणचा किनारा खडकाळ आहे. ओहोटीला खडक उघडे पडतात, कपारीत पाणी साचून राहतं. मासे, शेवंड तिथं अंडी घालतात, पिल्लं तिथंच वाढतात. मच्छीमार या पट्ट्याला 'गोल्डन बेल्ट' म्हणतात. आपल्या भाषेत ही माशांची रोपवाटिका. भरावाखाली गेलेले खडक तर संपतीलच, पण गाळ उपसताना आजूबाजूचं पाणीही गढूळ होतं आणि बारीक पिल्लांना तेच सोसत नाही.

सगळा दोष बंदराचा, असंही नाही. पापलेट आधीच कमी झालाय, कारण बारीक जाळ्यांनी त्याची पिल्लंच उचलली जातात. सातपाटीच्या मच्छीमारांच्या मागणीनंतर 2023 मध्ये सरकारनं पापलेटला राज्य मासा जाहीर केलं. आणि लगेच त्याच जिल्ह्याच्या समुद्रात एवढा भराव! हे काही पटत नाही.

आता मावेजाचं बघा. समृद्धीत आपल्याकडं जमिनी गेल्या, जालना-नांदेड महामार्गात भावावरून शेतकरी रस्त्यावर आले. भांडण दराचं होतं. जमीन कुणाची, हे सातबाऱ्यावर लिहिलेलं होतं. मच्छीमाराकडं सातबाराच नाही. आजोबापासून ज्या पाण्यात जाळं टाकलं, ते पाणी कागदावर त्याचं नाही. मग नुकसान मोजायचं कशावर? बोटीवर, की जाळ्यावर? बोट नसलेल्या, खडकात कालवं वेचणाऱ्या बाईचं काय?

सरकार म्हणतं, रोजगार येईल, भरपाई देऊ. उच्च न्यायालयानं 2024 मध्ये विरोधातल्या याचिका फेटाळल्या, त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आपल्याकडचा कापूस, मोसंबी, स्टील स्वस्तात बाहेर जावं, हे आपल्यालाही हवंच आहे. पण या ड्रायपोर्टमधून निघालेला कंटेनर उद्या वाढवणच्या धक्क्यावरही उतरू शकतो. तेव्हा तिथल्या मावेजाची यादी कशी बनते, याकडं बदनापूरकरांनीही लक्ष ठेवायला हवं.